पडत्याला हात की चढत्याला साथ?

वादविवाद स्पर्धेचे विषय ठरविणाऱ्या मंडळींना जगातील सर्व प्रश्न दोनच बाजूंचे दिसतात. 'शहर की खेडे', 'शिस्त की स्वातंत्र्य', 'विज्ञान की अध्यात्म'! मधला 'की' हा एवढासा शब्द; पण तो व्यासपीठाच्या मधोमध भिंतीसारखा उभा राहतो आणि वक्त्याने भिंतीच्या कोणत्या अंगाला उभे राहायचे, हे चिठ्ठी ठरविते. आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विषय असा होता : 'मंदीच्या काळात शासनाने आजारी उद्योगांपेक्षा वाढत्या उद्योगांना अनुदान द्यावे.' माझ्या चिठ्ठीत अनुकूल बाजू निघाली.

वर्गातील मैत्रिणींना विषय रुक्ष वाटला. मला तो रुक्ष वाटणे शक्य नव्हते. मी इचलकरंजीची. आमच्या घरामागच्या शेडमध्ये आठ साधे यंत्रमाग आहेत. आई कांड्या भरते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, 'खर्चीवाले' आहेत. हा शब्द ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, माग तेवढा आपला. बीम आणायचे, विणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. कापडाच्या एका इंचात बाण्याचे जितके धागे तितकी पिके, आणि मीटरमागे एका पिकाला अमुक इतके पैसे. रुपये नव्हेत, पैसे! बाजारातून पैसा हद्दपार झाला असला, तरी आमच्या गावात अजून घरे पैशांवरच चालतात.

तेव्हा अनुकूल बाजू मांडायची म्हणजे आमच्या शेडला शासनाने छदामही देऊ नये, असे चारचौघांत पटवून द्यायचे. आमच्या सरांनी 'बाजू बदलून घेऊ' असे सुचविले. पण मी नको म्हटले. आपल्या घराविरुद्ध जे मुद्दे निघू शकतात, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच शोधलेले बरे, असे मला वाटले.

आणि ते मुद्दे भक्कम निघाले! मंदीत शासनाचे करांचे उत्पन्न घटते आणि हात पसरणारे वाढतात. म्हणून जो रुपया द्यायचा तो अशा ठिकाणी जावा, की जेथे त्यातून उद्याचे काम निर्माण होईल. शिवाय आजारी उद्योग सांभाळण्याचा प्रयोग आपण काही कमी केलेला नाही. मुंबई राज्याने १९५८ मध्येच अडचणीतील कारखान्यांना घेणेकऱ्यांच्या तगाद्यापासून संरक्षण देणारा कायदा केला. १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले आणि १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. पुढे १९८५ मध्ये आजारी औद्योगिक कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला व १९८७ पासून त्याखालील मंडळ काम करू लागले. या कायद्यातील 'आजारी' शब्दाची व्याख्या मोठी मौजेची होती. साठलेला तोटा कंपनीच्या साऱ्या स्वनिधीइतका किंवा त्याहून अधिक झाला, म्हणजे कंपनी आजारी! म्हणजे माणूस गतप्राण झाल्यावर त्याला दवाखान्यात दाखल करून घ्यायचे. तो कायदा अखेर डिसेंबर २०१६ पासून रद्द झाला. महामंडळाच्या बहुतेक गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि ज्या थोड्या चालू होत्या त्याही २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या.

याच्या शेजारी चढत्या उद्योगांचा हिशेब मांडला, तर तो डोळ्यांत भरतो. १९८२ सालच घ्या. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'मारुती' या सरकारी कंपनीने जपानच्या सुझुकीशी करार केला. १९८३ मध्ये एकीकडे केंद्राने मुंबईच्या आणखी १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला आणि दुसरीकडे त्याच वर्षाच्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली. शासन एकच, हात दोन. कोणत्या हाताने दिलेले फळाला आले, हे सांगायला अर्थशास्त्राचा विद्यार्थी लागत नाही. तसेच संगणक सॉफ्टवेअरच्या निर्यातीला मिळालेली प्राप्तिकराची सूट. ती ३१ मार्च २०११ ला संपली. पण तोवर तो उद्योग स्वतःच्या पायावर उभा राहिला होता. मी हे सारे कार्डांवर उतरवून काढले आणि माझी बाजू जिंकणार याबद्दल मला शंका उरली नाही.

तरी प्रतिपक्ष काय म्हणेल, याचाही विचार करणे भाग होते. तो रोल्स-रॉइसचे नाव घेणार, हे उघड होते. विमानाची इंजिने बांधणारी ही ब्रिटिश कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्ये बुडाली. त्या वेळचे सरकार हुजूर पक्षाचे. उद्योगांनी आपापले पाहावे, अशा मताचे. तरीही त्या सरकारने ती ताब्यात घेतली. १९८७ मध्ये ती पुन्हा भागधारकांच्या हाती गेली आणि आज जगातील मोजक्या इंजिन-उत्पादकांत तिची गणना होते. म्हणजे पडत्याला दिलेला हात वाया गेला नाही. यावर माझे उत्तर तयार होते : ब्रिटिश लेलँड! मोटारी बनविणारी ही कंपनी त्याच देशाने १९७५ मध्ये ताब्यात घेतली, तिच्यात अमाप पैसा ओतला. पण ती सावरली नाही. नावे बदलत, तुकडे होत तिचा मोटारींचा शेवटचा मोठा अवशेष २००५ मध्ये बुडाला.

पण उत्तर लिहिता लिहिताच मनात प्रश्न आला. देश एक, काळ जवळजवळ एक, औषधही एकच. मग एक रोगी उठला आणि दुसरा का उठला नाही? रोल्स-रॉइसच्या इंजिनाला गिऱ्हाईक होते. ते इंजिन तयार करतानाच खर्च हाताबाहेर जाऊन पैसा संपला होता. लेलँडच्या गाड्यांकडे मात्र गिऱ्हाईकच पाठ फिरवीत होते. ताळेबंदात दोघीही 'आजारी'. परंतु एकीचा पैसा अडला होता, दुसरीचे गिऱ्हाईक चालले होते. हा भेद ताळेबंदात दिसत नाही. आणि मंदीत तर तो मुळीच दिसत नाही. कारण मंदीत सगळ्यांचेच गिऱ्हाईक एकदम थांबते. चांगला आणि वाईट दोघेही एकाच रांगेत येऊन उभे राहतात.

दिवाळीच्या सुटीत हे कागद पसरून मी घरी बसले होते. अण्णा शेडमधून हात पुशीत आले.

"काय लिवतीस गं?"

"भाषण आहे, अण्णा. मंदीत आजारी उद्योगांना पैसे द्यावेत का नाही, त्याचं."

"आजारी म्हंजे कोण?"

मी जरा थांबले. मग म्हटले, "म्हणजे आपले साधे माग वगैरे."

अण्णा हसले. म्हणाले, "माग कुठं आजारी हाय? बीम आलं की रातंदिवस पळतोय. आजारी हाय ती मजुरी."

त्यांनी मला शेडमध्ये नेले आणि कोपऱ्यातल्या दोन मागांची कुळकथा सांगितली. ती मी आजवर ऐकली नव्हती. हे दोन माग मुळात मुंबईच्या एका गिरणीतले. संपानंतर गिरणीतून जे जुने सामान निघाले, त्यांतून ते आजोबांनी वजनावर विकत घेतले होते. त्या वेळी गिरण्या पडत्या होत्या आणि आमचा यंत्रमाग चढता होता. संपाच्या काळात गिरण्यांचे काम भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांकडे वळले. म्हणजे जे लोखंड गिरणीत आजारी होते, तेच आमच्या शेडमध्ये येऊन वाढता उद्योग झाले! आज तेच लोखंड पुन्हा आजाऱ्यांच्या यादीत आहे. त्याचा धोटा तोच आहे, वेग तोच आहे. बदलले आहे ते भोवतालचे जग.

मग मी यंत्रमागाचा मागचा इतिहास थोडा चाळला. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसविला, हे आमच्या गावात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण यंत्रमाग वाढला कसा, हे फारसे कोणी सांगत नाही. स्वातंत्र्यानंतर केंद्राला हातमागाची काळजी होती. हातमाग जगावा म्हणून १९५६ च्या सुमारास गिरण्यांच्या मागांची संख्या वाढविण्यावर बंधने आली, गिरणीच्या कापडावर करांचा भारही अधिक राहिला. हेतू असा, की गिरणीने सोडलेली जागा हातमागाने भरून काढावी. प्रत्यक्षात ती जागा यंत्रमागाने घेतली. हात दिला हातमागाला. उभा राहिला यंत्रमाग! शासनाने दिलेला पैसा किंवा सवलत ही पाटाच्या पाण्यासारखी आहे. पाट कोणासाठी काढला, याला महत्त्व नाही. उतार कोणीकडे आहे, तिकडे पाणी जाते.

हा उतार आमच्या गल्लीतच पाहायला मिळतो. आमच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर एअरजेट मागांचा एक कारखाना आहे. आमचा साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास धागे टाकतो. एअरजेट सहाशेच्या पुढे टाकतो. त्याला धोटा नाही. वाऱ्याच्या झोताने बाणा जातो. कापड निर्दोष निघते आणि एक कामगार कितीतरी माग सांभाळतो. अशा आधुनिक यंत्रांसाठी केंद्राने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना चालविली. कर्जावरील व्याजाचा पाच टक्के भार शासनाने उचलायचा, अशी तिची मूळ कल्पना. पुढे भांडवली अनुदान आले आणि नवी रूपे घेत ती योजना मार्च २०२२ पर्यंत चालली. दुसरीकडे साध्या मागालाही राज्याची वीजदरातली सवलत आहे. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच धंद्यात, पडत्यालाही मदत आहे आणि चढत्यालाही. मग भांडण कसले?

भांडण असे, की एका मदतीने माणूस आहे तेथेच राहतो आणि दुसरीने पुढे जातो. आणि पुढे नेणारी मदत घ्यायची तर आधी गाठीला पैसा लागतो. अण्णांनी एकदा एका बँकेत चौकशी केली होती. स्वतःचा हिस्सा किती आणणार, तारण काय देणार, हे दोन प्रश्न विचारल्यावर चौकशी संपली. एका नव्या एअरजेटच्या किमतीत आमची सगळी शेड मागांसकट विकत येईल. तेव्हा वाढत्याला अनुदान मिळते, की अनुदान घेण्याची ऐपत असलेल्यालाच आपण वाढता म्हणतो, असा प्रश्न मला पडला. तो माझ्या कार्डांवर कुठेच बसत नव्हता.

मंदी म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिलेले आहे. २०२० साली मी शाळेत होते. मार्चच्या अखेरीस गावातले माग थांबले. ज्या गावात रात्री मागांचा खडखडाट बंद पडला तर माणसांची झोपमोड होते, तेथे ती शांतता अंगावर येत होती. आमच्याकडे काम करणारे दोन परप्रांतीय कामगार मिळेल त्या वाहनाने गावी निघून गेले. त्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन, त्या वेळच्या आकडेवारीप्रमाणे, आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटले. पुढच्या तिमाहीतही ते घटलेलेच राहिले. लागोपाठ दोन तिमाहींची घट म्हणजे मंदी, ही व्याख्या मी पुढे शिकले.

त्या वर्षी शासनाने दोन मोठ्या गोष्टी केल्या. लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची, केंद्राच्या हमीची कर्जयोजना मे २०२० मध्ये जाहीर झाली. जुन्या थकीत कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, वेगळे तारण नाही. 'थकीत' म्हणजे येथे येणे बाकी असलेले. हप्ते चुकविलेले नव्हे. उलट, २९ फेब्रुवारी २०२० ला ज्याचे हप्ते साठ दिवसांहून अधिक तुंबलेले नव्हते, त्यालाच ते मिळायचे. योजना वाईट नव्हती. तिने पुष्कळांना तगविले. पण ज्याचे बँकेत कर्जच नाही, जो पतपेढीवर आणि व्यापाऱ्याच्या उचलीवर जगतो, त्याचे वीस टक्के कशाचे काढणार? शून्याचे वीस टक्के शून्यच. दुसरी गोष्ट उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची. मोबाईल फोनपासून तिची सुरुवात झाली : ठरवून दिलेल्या पायाभूत वर्षाहून जितकी विक्री वाढेल, तिच्यावर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन. कापडासाठी २०२१ मध्ये १०,६८३ कोटींची योजना आली. ती कृत्रिम धाग्याचे कापड, त्याचे कपडे आणि तांत्रिक वस्त्रे यांसाठी. आणि त्या वेळी तिची किमान गुंतवणूक १०० कोटी ठरली होती. आठ मागांचा मालक आणि शंभर कोटी यांच्यामधले अंतर मोजायला कोणत्या इयत्तेचे गणित लागेल?

मोठ्या भांडवलाला मदत देऊच नये, असे मी म्हणत नाही. परदेशी बाजारात उभे राहायचे तर मोठे कारखाने हवेतच. माझे म्हणणे एवढेच आहे, की 'पडता' आणि 'चढता' अशी उद्योगांची दोन गावे नसतात. ते एकाच गल्लीत राहतात, एकमेकांचे सामान वापरतात आणि तीस-चाळीस वर्षांत घरेही बदलतात. म्हणून अनुदान देणाऱ्याने नावावरून निवड न करता तीन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते.

पहिली : याचा पैसा अडला आहे, की गिऱ्हाईक गेले आहे? पैसा अडला असेल, तर मंदी सरेपर्यंत सांभाळावे; तो खर्च पुढे वसूल होतो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीसाठी १९७९ मध्ये दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी सरकारने घेतली आणि कंपनीने ते कर्ज १९८३ मध्येच, मुदतीच्या पुष्कळ आधी, फेडले. गिऱ्हाईक कायमचे गेले असेल, तर यंत्र सांभाळण्यात अर्थ नाही.

दुसरी : मुदत किती? सॉफ्टवेअरची सवलत संपायची होती आणि ती संपली. गिरण्यांच्या मदतीला अशी तारीख नव्हती. ज्याला तारीख नाही ते अनुदान पडत्यालाही पंगू करते आणि चढत्यालाही आळशी करते.

तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी : पैसा कोणाच्या हातात पडतो? गिरण्या वाचविण्यासाठी मालकांना जमीन विकू देण्याचा नियम मुंबईत १९९१ मध्ये आला. त्याच्या मूळ रूपात मोकळ्या जागेसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठीही वाटा होता. २००१ मध्ये तो बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या भूखंडापुरती उरली. आज गिरणगावात मनोरे आहेत, गिरणी नाही. यंत्राच्या नावाने आलेली सवलत जमिनीला मिळाली. ज्यांनी यंत्र चालविले त्यांच्यातल्या अनेकांना घरासाठी सोडतीची वाट पाहावी लागली. याउलट १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने शेताला नव्हे, तर शेतातून उठलेल्या माणसाला हात दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे रूप मिळाले. कोणाचे रान पिकाऊ आणि कोणाचे पडीक, हे विचारण्याआधी काम मागणाऱ्याला काम मिळत होते. ती योजना प्रामुख्याने खेड्यांसाठी होती. कांड्या भरणारी बाई, वहिफणी करणारा कामगार, जॉबर, घडीवाला यांच्यासाठी मंदीत असे काही नसते.

आणि मधली वाटही असते. केंद्राने 'पॉवरटेक्स इंडिया' या नावाखाली १ एप्रिल २०१७ पासून जी योजना काही वर्षे चालविली, तिच्यात साधा माग फेकून न देता त्यालाच जोडण्या बसविण्यासाठी अनुदान होते. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, कापडातला दोष कमी व्हायचा. पडत्याला चढत्याच्या वाटेवर एक पायरी घालून देण्याचा हा प्रकार होता. 'की' या शब्दाच्या भिंतीत एवढे दार ठेवायला काय हरकत आहे?

स्पर्धेत मी अनुकूल बाजूनेच बोलले. वाढत्या उद्योगाला अनुदान द्यावे, हे मी ठणकावून सांगितले. पण 'वाढता' म्हणजे ज्याच्यापाशी आज भांडवल आहे तो नव्हे. ज्याला मदत दिली असता तो ठराविक मुदतीत मदतीवाचून उभा राहील तो, मग आज त्याच्या शेडमध्ये आठच माग का असेनात, अशी व्याख्या मी आधी करून घेतली. प्रतिपक्षाच्या वक्त्याने विचारले, "मग जो उभा राहणार नाही त्याचे काय?" मी म्हटले, "त्याच्या यंत्राला काही देऊ नका. त्याच्या कामगाराला द्या, आणि तो मालकच कामगार असेल तर त्यालाही द्या." परीक्षकांनी आम्हांला दुसरा क्रमांक दिला आणि 'वक्त्यांनी विषयाची चौकट थोडी सैल केली' असा शेराही मारला. तो मला मान्य आहे. चौकट सैल करूनच मी बोलले.

अण्णांनी दिवाळीनंतर कोपऱ्यातले ते दोन माग काढले. भंगारवाल्याने ते वजनावरच नेले. जसे आले होते तसेच. उरलेले सहा चालू आहेत आणि रिकाम्या झालेल्या जागेत आईने शिलाईची दोन यंत्रे मांडली आहेत. ते आजारी उद्योगात मोडते की वाढत्या, हे अजून ठरायचे आहे.

मंदी पुन्हा येईल. तेव्हा आपल्यातलाच कोणी बँकेत असेल, कोणी मंत्रालयात, कोणी बातमी लिहिणारा. अनुदानाच्या अर्जाचा मसुदा त्याच्यासमोर येईल. त्याने त्यात 'यंत्रे किती' या रकान्याशेजारी 'माणसे किती, आणि यंत्रे थांबली तर ती कोठे जाणार' असा आणखी एक रकाना घालावा, एवढेच मागणे आहे.